गावच्या घराला कॅमेरे: एनव्हीआर (तयार रेकॉर्डर) घ्यावा की पडून असलेला कॉम्प्युटर वापरावा?

अंजनवेलकर

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितो, म्हणजे पुन्हा पुन्हा विचारावं लागणार नाही.

गुहागर तालुक्यात आमचं चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं) कौलारू घर आहे. पुढे पडवी आणि खळं (अंगण), मागे परसात विहीर, जुना गोठा (आता त्यात फक्त लाकडं). आई-बाबा दोघंच असतात, बाबा 76 वर्षांचे. मी पुण्यात, बहीण बंगळुरूला. यंदा शिमगा आटोपून चाकरमानी परतले आणि त्यानंतर वाडीतली दोन बंद घरं फुटली. आमच्याकडे कुणी आलं नाही, पण आईची झोप उडाली ती उडालीच. कॅमेऱ्याचा विषय तिनेच काढला. बाबांचं मत विचाराल तर, "त्यापेक्षा एक चांगला कुत्रा पाळा."

बेड्यापासून (फाटकापासून) घर साधारण 60 मीटर आत आहे. मधे नारळ-पोफळी आणि पायवाट, एका बाजूला गडगा (दगडी कुंपण). फायबर इंटरनेट आहे, चालतं तेव्हा उत्तम चालतं. घरात इन्व्हर्टर आहे, 150 एएचची एकच बॅटरी.

एका दुकानदाराने कोटेशन दिलंय: 8 मेगापिक्सेलचे पाच कॅमेरे, डीव्हीआर (जुन्या पद्धतीचा रेकॉर्डर), 1 टीबीची डिस्क, बेड्याजवळ लोखंडी खांब रोवून त्यावर एक कॅमेरा, वायर "लागेल तशी". कॅमेऱ्याची लेन्स किती एमएमची विचारलं तर म्हणाला, "साहेब, फुल एचडीच्या वरचं आहे, चिंता नको."

माझ्याकडे ऑफिसातून भंगाराच्या भावात घेतलेला एक डेस्कटॉप आहे. चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, 8 जीबी रॅम. लिनक्सची मला भीती नाही, रोजचं काम तेच आहे. तर रेकॉर्डिंगसाठी हाच गावाला ठेवून द्यावा का? की तयार एनव्हीआर घ्यावा? आणि 8 मेगापिक्सेल खरंच लागतात का? बजेट 60 हजारांच्या आसपास, थोडं वर गेलं तरी चालेल.

---

सर्किटब्रेकर

डीव्हीआर आणि त्याची कोॲक्सची (टीव्हीच्या केबलसारखी) वायर डोक्यातून काढून टाका. आता नवीन काम करायचं तर आयपी (नेटवर्कवर चालणारे) कॅमेरे आणि पीओई. एकाच कॅट-6 नेटवर्क वायरीतून वीजही जाते आणि चित्रही येतं, प्रत्येक कॅमेऱ्यापाशी वेगळा ॲडॅप्टर लटकवावा लागत नाही. घेताना ऑनव्हिफ आणि आरटीएसपी (सगळ्या कंपन्यांची सामायिक भाषा) दोन्ही चालतं ना, एवढं बघा. मग उद्या कॅमेरा एका कंपनीचा आणि रेकॉर्डर दुसऱ्या कंपनीचा असला तरी अडत नाही.

तुमचा डेस्कटॉप मात्र नको. चौथ्या पिढीच्या इंटेलला एच.265 (कॅमेऱ्याचा दाबलेला व्हिडिओ) हार्डवेअरमधून उलगडता येत नाही, ते सहाव्या पिढीपासून आलं. म्हणजे पाच कॅमेऱ्यांचा सगळा बोजा सीपीयूवर. शिवाय असा डबा नुसता चालू ठेवला तरी 50 वॉट कुठे गेले नाहीत. चोवीस तास म्हणजे महिन्याला 36 युनिट. त्याऐवजी एन-100 प्रोसेसरचा मिनी पीसी घ्या, 10-12 वॉटमध्ये काम होतं. त्यावर डेबियन लिनक्स, डॉकर आणि फ्रिगेट (रेकॉर्डिंग करून चित्रातला माणूस ओळखणारं सॉफ्टवेअर).

फ्रिगेटमध्ये कॅमेऱ्याचे दोन प्रवाह वापरायचे. माणूस आहे की मांजर हे ओळखायला छोटा सब-स्ट्रीम, साठवायला मोठा मेन-स्ट्रीम. ओळखण्याचं काम ओपनव्हिनो हे इंटेलचं सॉफ्टवेअर वापरून इंटेलच्याच ग्राफिक्सवर होतं, वेगळी कोरलची काडी (याच कामाची यूएसबी चिप) आता लागत नाही. माणूस दिसला तरच फोनवर सूचना येईल. केळीचं पान हललं म्हणून रात्री दोनला फोन वाजणार नाही. आधी ब्लू आयरिस हे असंच सॉफ्टवेअर वापरायचो, पण त्याला विंडोज लागतं, म्हणून सोडलं.

तुम्ही लिनक्सवाले आहात, एका रविवारात उभं कराल. मग एनव्हीआरच्या त्या भिकार मेन्यूत माउस फिरवायची वेळ येणार नाही.

---

तारवाला

वरचा सल्ला तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. फक्त तो पुण्याच्या फ्लॅटसाठी बरोबर आहे.

मी चिपळूणचा. अर्धं आयुष्य टेलिफोनच्या तारा ओढल्या, निवृत्तीनंतर लोकांच्या घरी कॅमेरे लावून देतो. तुमच्या बाजूलाही कामं केलीत. खरेदीला निघण्याआधी एकच प्रसंग डोळ्यांसमोर आणा. जून महिना, रात्री वीज कडाडली, लाइट गेली, पहाटे आली, परत गेली. तुम्ही पुण्यात. अशा वेळी जे आपलं आपण पुन्हा चालू होईल तेच घ्यायचं. बाबांना फोनवरून "काळ्या स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचा" असं सांगावं लागलं, की समजा सगळा खर्च पाण्यात गेला.

आधी त्या बेड्यावरच्या खांबाबद्दल. तो नकोच. उघड्यावर लोखंडी खांब, त्यावर कॅमेरा आणि तिथून 60 मीटर तांब्याची वायर थेट घरात. अंतराची अडचण नाही, कॅट-6 ला 100 मीटरपर्यंत मुभा आहे. अडचण विजेची आहे. ती खांबावरच पडायला हवी असं नाही. जवळच्या माडावर पडली तरी लांब वायरीत एवढा दाब चढतो की एका टोकाला कॅमेरा जातो आणि दुसऱ्या टोकाला रेकॉर्डर, राउटर, नशीब खोटं असेल तर टीव्हीसुद्धा. आपल्याकडे चिऱ्याची जमीन. मे महिन्यात अर्थिंगचा खड्डा ठणठणीत कोरडा असतो आणि पहिली वादळं नेमकी तेव्हाच येतात. त्यामुळे कॅमेऱ्याआधी वायरमनकडून अर्थिंग मोजून घ्या, मेन बोर्डात सर्ज प्रोटेक्टर (जादा दाब जमिनीत सोडणारं उपकरण) बसवा आणि बाहेरून येणारी प्रत्येक नेटवर्कची वायर घरात शिरते तिथे पीओईचा सर्ज अरेस्टर लावून तो अर्थला जोडा. न जोडलेला अरेस्टर म्हणजे नुसती डबी. अशा डब्या मी बऱ्याच घरांत पाहिल्यात.

आता मेगापिक्सेल. दुकानदाराला लेन्स विचारलीत ते बरं केलंत, कारण खरा प्रश्न तोच आहे. अनोळखी माणसाचा चेहरा पुढे ओळख पटण्याइतका दिसायला हवा असेल, तर त्या माणसाच्या जागी दर मीटर रुंदीला साधारण 250 पिक्सेल लागतात, असं या क्षेत्रातलं मानक सांगतं. ओळखीचा माणूस ओळखायला त्याच्या निम्मे, 125 पुरतात. 4 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचं चित्र 2560 पिक्सेल रुंद असतं. म्हणजे चेहरा हवा तर चित्रात 10 मीटरपेक्षा जास्त रुंदी मावता कामा नये. लेन्सचा एमएम जितका जास्त तितकं लांबचं, पण कमी रुंदीचं चित्र. 2.8 एमएमच्या लेन्सला हे जेमतेम 4 मीटरपर्यंत जमतं, 4 एमएमला 6 मीटर, 6 एमएमला 10 मीटर. त्यापुढे कोणीतरी आलंय एवढंच दिसतं. 8 मेगापिक्सेलने अंतर दीडपट होतं, हे खरं. पण स्वस्तातल्या 8 मेगापिक्सेलमध्ये सेन्सर तेवढाच असतो आणि त्याच जागेत दुप्पट पिक्सेल कोंबलेले असतात. रात्री प्रत्येकाच्या वाट्याला प्रकाश कमी, चित्र गढूळ. चोर दुपारी बाराला येत नाही. त्यामुळे 4 मेगापिक्सेल घ्या, पण सेन्सर मोठा बघून. 1/1.8 इंच मिळाला तर उत्तम, निदान पडवीच्या कॅमेऱ्याला तरी.

यावरून जागा ठरते. बेड्यातून येवो की गडगा ओलांडून, घरात शिरणारा माणूस खळ्यावरून पडवीच्या पायरीपाशी येतोच. तिथे 4 एमएमचा एक कॅमेरा, पायरीपासून चार-पाच मीटरवर, डोक्याच्या थोडा वर. फार उंच लावला तर टोप्या आणि टकलं दिसतात. दुसरा मागच्या दारावर तसाच. तिसरा संपूर्ण खळ्याचा देखावा घेणारा, तिथे 2.8 चालेल. चौथा विहीर आणि गोठ्याकडे, तिथे 2.8 ते 12 एमएम फिरवता येणारी लेन्स घ्या आणि जागेवर उभं राहून जुळवा. झाले चार. पाचव्याचे पैसे अर्थिंगला.

पडवीच्या कॅमेऱ्यात पावसाळ्यात एक गंमत होते. कॅमेरा आत सुरक्षित, पण पुढे कौलांच्या पागोळ्या. दिवसा काही वाटत नाही. रात्री कॅमेऱ्याचा इन्फ्रारेड त्या धारांवर आपटून परत येतो आणि सगळं चित्र पांढरंफटक. उपाय म्हणजे कॅमेऱ्यासमोरच्या भागात पन्हळ बसवायची. आणि कॅमेऱ्यातला इन्फ्रारेड बंद करून खळ्यावर दुसऱ्या कोपऱ्यात एक पिवळसर एलईडी दिवा रात्रभर ठेवायचा. 9 वॉटचा पुरतो. किडे दिव्याकडे जातात, किड्यांमागे पाली जातात आणि कॅमेऱ्याची काच मोकळी राहते. चित्रही रंगीत मिळतं. शर्ट निळा होता की हिरवा, हे पोलीस पहिलं विचारतात. घुमटाकार डोम घेऊ नका, त्या काचेवर थेंब बसून राहतात. बुलेट (नळकांड्यासारखा) किंवा गोल डोळ्याचा टरेट घ्या.

आणि आता रेकॉर्डर. आठ पीओई पोर्ट असलेला तयार एनव्हीआर घ्या. मेन्यू भिकार असतो, मान्य. पण वीज आली की न विचारता चालू होतो आणि कॅमेरे त्याच्या पोटातल्या वेगळ्या नेटवर्कवर राहतात, थेट इंटरनेटवर येत नाहीत. डिस्क मात्र 1 टीबीची नको. हिशोब सोपा आहे. एक कॅमेरा 4 एमबीपीएसने लिहीत असेल तर दिवसाला 43 जीबी, चार कॅमेरे 173 जीबी. 1 टीबीत सहा दिवससुद्धा पूर्ण होत नाहीत. 4 टीबीत तेवीस दिवस मिळतात. तीही कॅमेऱ्यांसाठीच बनवलेली घ्या, डब्ल्यूडीची पर्पल किंवा सीगेटची स्कायहॉक. साध्या डेस्कटॉप डिस्कपैकी बऱ्याच एसएमआर पद्धतीच्या (पट्ट्या एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या) असतात, चोवीस तास लिहिताना त्यांची दमछाक होते. आणि बिटरेटला (दर सेकंदाला किती डेटा लिहायचा त्याला) कमाल मर्यादा घाला. पावसाच्या रात्री चित्रात इतकी खळबळ असते की व्हीबीआरवर (बदलत्या बिटरेटवर) सोडलेला कॅमेरा नेहमीच्या दुप्पट जागा खातो.

बॅटरीचं तुम्ही विचारलं नाहीत, मी सांगतो. चार कॅमेरे 24 वॉट, एनव्हीआर डिस्कसकट 15, राउटर 10. सगळं मिळून 50 धरा. तुमच्या बॅटरीत कागदावर 1800 वॉट-तास आहेत. त्यातले 1000 हाताला लागले तरी नुसते कॅमेरे 20 तास चालतील. पंखे-दिवे जोडीला असतील तर त्याच्या निम्मे. इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोडचा खटका असतो, तो यूपीएसवर ठेवा. नाहीतर लाइट जाते त्या क्षणी एनव्हीआर एक गचका खातो आणि रीस्टार्ट होतो.

सर्किटब्रेकर म्हणतात तो मिनी पीसी दुसऱ्या टप्प्यात जरूर घ्या. एनव्हीआरकडूनच आरटीएसपीने चित्र घेऊन माणूस ओळखायचं काम त्याला द्या. बायोसमध्ये (पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज आल्यावर आपोआप सुरू होण्याचा पर्याय चालू करायला विसरू नका. तो बंद पडला तर सूचना येणार नाहीत, पण रेकॉर्डिंग चालूच राहील.

---

सर्किटब्रेकर

एनव्हीआर मुख्य आणि पीसी जोडीला, हे पटलं. फक्त एनव्हीआरमधून सब-स्ट्रीम घेताना काही मॉडेल एका वेळी मोजक्याच जोडण्या देतात, ते माहितीपत्रकात बघून घ्या. आणि बाहेरून बघण्यासाठी राउटरवर पोर्ट उघडू नका. बहुतेक ठिकाणी सीजीनॅटमुळे (एकच इंटरनेट पत्ता अनेक ग्राहकांत वाटल्यामुळे) ते चालतही नाही. मिनी पीसीवर टेलस्केल (खाजगी जोडणीचं सॉफ्टवेअर) टाका, पुण्यातून घरच्या नेटवर्कवर असल्यासारखं सगळं उघडेल.

---

मागीलदार

लेन्स-बिन्स मला कळत नाही, पण आमच्या राजापूरच्या घरी हे सगळं होऊन गेलंय म्हणून लिहिते.

नवऱ्याने हौसेने पडवीत कॅमेरा लावला, झोपाळा बरोब्बर मधोमध. सासऱ्यांनी झोपाळ्यावर बसणंच सोडलं. कोणाला काही बोलले नाहीत, दुपारी आतल्या खोलीत पडून राहायला लागले. आठवड्याने सासूबाईंनी फोनवर सांगितलं, "त्यांना मुंबईतून कोणी बघतंय असं वाटतं." कॅमेरा खळ्याकडे फिरवला तेव्हा ते परत बाहेर आले. तुमचे बाबा कुत्रा पाळा म्हणतायत, त्यामागे हेच असू शकतं. कुठे लावायचे ते त्यांनाच ठरवू दे. घराच्या आत तर एकही नको.

दुसरं म्हणजे घर सामायिक आहे का? आमच्याकडे अर्धी पडवी चुलत दिरांची, त्यावरून एक अख्खा गणपती कुरबुरीत गेला. 2025 मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने अशाच एका घरातल्या सहमालकाच्या बाजूने निर्णय दिला, की त्याच्या संमतीशिवाय राहत्या भागात कॅमेरे चालवायचे नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही तो फिरवला नाही. कोर्टापर्यंत कशाला जायचं, भावकीला आधी विचारलेलं बरं. शेजाऱ्यांचं न्हाणीघर, अंगण चित्रात येत असेल तर तेवढा भाग काळा करायची सोय असते, ती वापरा.

आणि एनव्हीआरची एचडीएमआय वायर घरच्या टीव्हीला नक्की जोडा. आमच्या सासूबाई फोनवरच्या ॲपला हात लावत नाहीत. पण टीव्हीवर कॅमेरे लावून मासेवाली कुठवर आली ते बघतात.

---

अंजनवेलकर

सगळ्यांचे मनापासून आभार. मागीलदार ताई, झोपाळ्याचं वाचून बाबांना लगेच फोन केला. आता ते स्वतःच जागा सांगतायत. पहिला कॅमेरा विहिरीवर हवा, कारण पंपाची चोरी होईल म्हणे! घर आमच्या एकट्याचं आहे, पण पायवाट सामायिक आहे, तेव्हा काकांच्या कानावर घालीन.

तारवाला काका, अजून थोडं विचारतो. बेड्यापाशी कोण थांबतंय हे आईला बघायचंच आहे, खांबाशिवाय काही होईल का? आणि देव न करो, पण चोरी झालीच तर हे रेकॉर्डिंग पोलिसांना कसं द्यायचं? शेवटचं, दुकानदार सगळा माल एका खोक्यात आणून देतो म्हणतोय. त्यात काय तपासू?

---

तारवाला

बेड्यासाठी वायर नसलेला, सोलरवर चालणारा 4-जी कॅमेरा झाडावर किंवा कुंपणाच्या लाकडी मेढीवर लावा. त्याचं चित्र एनव्हीआरमध्ये येणार नाही, आईंना वेगळ्या ॲपवर बघावं लागेल, आणि तो सतत रेकॉर्डिंग करत नाही, हालचाल झाली की जागा होतो. पोफळीच्या सावलीत ढगाळ आठवड्यात मान टाकतो. पण वीज पडून जळाला तर तो एकटाच जळेल, घरात काही येणार नाही. आधी आपल्या सिमला बेड्यापाशी रेंज आहे का ते फोन घेऊन बघा. रेंज नसेल तर बेड्याला पितळी घंटा बांधा, मी थट्टा करत नाहीये.

पोलिसांच्या बाबतीत पहिली गोष्ट, एनव्हीआरचं घड्याळ. एनटीपी (इंटरनेटवरून वेळ जुळवण्याची सोय) चालू ठेवा आणि भारतीय वेळ लागली आहे ना ते बघा. वेळ अर्ध्या तासाने चुकलेली असेल तर समोरचा वकील त्यावरच खेळतो. दुसरी, मूळ फाइल एनव्हीआरमधून पेन ड्राइव्हवर काढायची. व्हॉट्सॲपवरून पाठवलेली चालत नाही, ते ॲप चित्र दाबून टाकतं. जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम 63 नुसार अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलचं हॅश मूल्यही (फाइल बदलली की बदलणारा आकडा) लिहायचं असतं. तुम्ही लिनक्सवाले, एसएचए-256 काढणं तुम्हाला काही नवीन नाही. नमुना कायद्याच्या अनुसूचीतच दिलाय. आणि डिस्क तेवीस दिवसांनी स्वतःवरच लिहायला लागते, तेव्हा कळल्या कळल्या काढून ठेवा. तक्रार, पंचनामा यात दिवस जातात.

खोक्यात बघायचं ते असं. एप्रिल 2025 पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या कॅमेऱ्यांना सरकारने ठरवलेल्या सायबर सुरक्षेच्या चाचणीत पास व्हावं लागतं. बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) नोंदणी क्रमांक कॅमेऱ्यावर असतो. बिलावर मॉडेल नंबर घ्या आणि दोन्ही जुळतात का ते ताडून बघा. पासवर्ड दुकानदाराला टाकू देऊ नका, तुमच्यासमोर तुम्ही टाका. तो सगळ्या गिऱ्हाइकांना एकच टाकतो.

वायर मात्र त्याच्याकडून घेऊ नका, खोक्यात असली तरी. बाजारात कॅट-6 म्हणून तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम खपवतात. नव्याने चालतं, मग पीओईच्या विजेने सांधे गरम होतात आणि खाऱ्या हवेत दोन वर्षांत टोकं पांढरी पडून तुटतात. एक तार सोलून पात्याने खरवडा. आतून पांढरी निघाली तर जशीच्या तशी परत करा. शुद्ध तांब्याचं 305 मीटरचं खोकं मिळतं, चार कॅमेऱ्यांना पुरून उरेल. घराबाहेरचा भाग यूव्हीला टिकणाऱ्या पाइपातून न्या, नाहीतर उंदीर आणि ऊन यांतलं कोण आधी पोचतं एवढाच प्रश्न राहतो. कॅमेऱ्याचा जोड भिंतीवर लटकता ठेवू नका, प्रत्येकाखाली जंक्शन बॉक्स घ्या. वायर बॉक्समध्ये खालून शिरली पाहिजे, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी आत न जाता खाली टपकतं.

काम अक्षय तृतीयेच्या आसपास काढा. मृग लागला की कौलांवर चढायला वायरमन तयार होत नाही, आणि झालाच तर फुटलेल्या कौलांचे पैसे वेगळे मोजावे लागतात.